मानस

म्हापशाच्या आमच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
खण क्रमांक सातमध्ये एकवीस कवट्या आहेत.
सगळ्या मिळून एका नारळापेक्षा हलक्या.
इनासनं साफ केलेल्या. त्याचा भरवसा मुंग्यांवर होता,
पेरॉक्साइडवर नाही.
परसात पोफळीखाली मडकं उपडं घालायचा,
पंधरवड्यानं उचलायचा, फुंकर मारायचा:
"पळे बाये, नितळ."

दरवर्षी मी त्या मुलांपुढे मांडते
आणि फळ्यावर उभी रेघ ओढते. साम्य. भेद.
भेदाचा रकाना नेहमी लवकर भरतो.

सुतार पक्ष्याच्या जिभेचं हाड
घशातून दुभंगून निघतं, मागून वर चढतं,
सबंध डोक्याला वळसा घालून
नाकपुडीपाशी येऊन थांबतं.
एवढी लांब जीभ, ती मुंग्यांसाठी.
शेवटी मुंग्यांनीच साफ केली.

पाणकावळ्याच्या डोक्यामागे एक जादा हाड,
बोरूच्या टोकासारखं. जबडा मिटायचं बळ तिथून येतं.
इनासकडून ते दोनदा हरवलं.
तिसरं काडेपेटीत आहे.

गव्हाणी घुबडाचे कान वरखाली असतात
असं वाचून आलेली मुलं कवटी फिरवत राहतात.
हाडात काही सापडत नाही.
तो वाकडेपणा कातडीत होता, मुंग्यांबरोबर गेला.
परीक्षेत मी हे विचारत नाही.

मग कुरव. मोरजीच्या वाळूत मिळालेला.
दिवाळीनंतर येतात त्यांतला एक, जो परत गेला नाही.
डोळ्यांच्या वर, कपाळावर, दोन खाचा,
ओल्या मातीत नख रुतवावं तशा.
इथे मिठाच्या ग्रंथी होत्या, मी सांगते.
हा समुद्र प्यायचा, त्यातलं मीठ वेगळं काढायचा,
नाकातून चोचीच्या टोकाशी आणायचा
आणि डोकं झटकायचा.

इथपर्यंत माझा आवाज नीट असतो.

माझा बाप, बाबुसो, आगरवाड्याच्या मिठागरात
सेहेचाळीस उन्हाळे उभा होता.
फळीनं मीठ ओढायचा. भरतीला मानस सांभाळायचा.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
खाडीचं पाणी किती आत घ्यायचं, किती सोडायचं
ते ठरवणारं.
घाटावरच्या माझ्या मैत्रिणीला बरेच दिवस वाटत होतं
मी बापाच्या मनाबद्दल बोलतेय.

मग डॉक्टरनं त्याला मीठ बंद केलं.
पेजेत नाही, लोणच्यात नाही,
सुक्या बांगड्याचं तर नावच नाही.
आठवड्यातून दोनदा बांबोळी, पहाटेची बस,
फ्रिजएवढं यंत्र, चार तास, दोन नळ्या.
पहिल्या दिवशी त्यानं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.
म्हणाला, "ह्याचा मानस बरा चालतो. कोणी बसवला?"

मला तेव्हा खण क्रमांक सात आठवला होता.
पण नळ्या लावून पडलेल्या माणसाला
हे सगळं एका पाखराच्या कपाळात मावतं
असं कुठल्या तोंडानं सांगणार?
नाही सांगितलं.
सांगायला हवं होतं. आवडलं असतं त्याला.
कुरव तो रोज बघायचा, बांधावर बसून डोकं झटकणारे.
त्याला वाटायचं, नको म्हणतायत.

आज कवट्या आत ठेवताना
रेवोड्याची एक मुलगी मागे रेंगाळली.
"बाई, आपल्याला ही खाच नसते?"
नसते. भेदाच्या रकान्यात लिही.
तिनं लिहिलं. मग पेन ठेवून
स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं, थांबवलं.
"इथे काहीतरी लागतंय."

ती नसेची वाट, मी म्हटलं.
तिच्यातून बाहेर काही येत नाही.
दाबलं तर दुखतं, एवढंच.