एकच हुक

छताला हुक एकच होता, पंख्याचा.
माहीमच्या या भाड्याच्या घरात
उजेड आणि वारा
दोघांना टांगायची सोय कुणी केली नव्हती.

रे रोडच्या भंगारगल्लीत सगीरभाईंची भट्टी.
मी नकाशा नेला होता, एकास एक,
व्यास चारशे बारा मिलिमीटर,
इकडेतिकडे दोनाचा फरक चालेल.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग पोराकडे दिला, झळ अडवायला.
नळीच्या टोकाला लाल गोळा फिरत होता
आणि फुंकताना सगीरभाईंचे डोळे
माझ्याकडे नव्हते, नकाशाकडे तर नव्हतेच.

झाला तयार,
भोपळ्यासारखा, एका कुशीवर जरा कललेला.
पोटाशी बुडबुडा, ज्वारीच्या दाण्याएवढा.
म्हटलं, हा काढता येईल?
"येईल ना. दुसरा बनवू.
त्यात दुसरीकडे येईल."

तीस वर्षं इमारती उभ्या केल्या.
एफएसआय, जिन्याची रुंदी,
बिल्डरनं खाल्लेली गच्ची,
पालिकेतून चौथ्यांदा परत आलेली फाईल.
माझ्या हातचं जसंच्या तसं
काहीच उभं राहिलं नाही.
वाटलं होतं, हा दिवा तरी.

असो.
टेंबुलकरांनी पंखा उतरवला,
"बाई, मे महिना आहे हं," म्हणाले,
आणि दिवा चढवला.
मग कोपऱ्यात टेबलफॅन लावला
तेव्हा कळलं, हा डुलतो.
त्याच्याबरोबर कपाट डुलतं, दार डुलतं,
माझी सावली उठून सोफ्यावर बसते, परत येते.
भिंती हलू नयेत म्हणून जन्म घालवला
आणि इथे घाम पुसत
चारी भिंती हलताना बघत बसते मी,
आमटी गार होईपर्यंत.

बुडबुड्याचा एक ठिपका पडतो भिंतीवर.
घड्याळाकडे निघतो, पोहोचत नाही.

काल रात्री तो नकाशा पुन्हा काढला.
कडेला पोराच्या अंगठ्याची काजळी,
ती राहू दिली.
स्टुलावर चढून टेप लावला:
एकीकडून चारशे एकोणीस, दुसरीकडून चारशे चार.
चारशे बारा खोडलं.
पोटाशी लाल पेन्सिलीनं एक टिंब दिलं,
आणि खाली, प्रत्येक इमारतीच्या
शेवटच्या कागदावर लिहितात तसं, लिहिलं:
प्रत्यक्षात बांधल्याप्रमाणे.