काटा

कोकोचं पोतं चौसष्ट किलोचं.
तुळईला टांगलेला स्प्रिंगचा काटा,
त्याच्या पाठीमागे एक स्क्रू,
आणि त्या स्क्रूला ठाऊक फक्त माझा अंगठा.
अर्धा आटा डावीकडे. बस्स.
सदुसष्ट चढवा, काटा चौसष्टच बोलतो.

अठरा हंगाम मी, इसाक ड्वोमो,
सेफ्वीच्या जंगलाकडेच्या गावात खरेदी-कारकून होतो.
रविवारी पांढरा सदरा, चर्चमध्ये दुसरा बाक.
दानाची थैली फिरवायचो ती मीच,
तिच्यातल्या एका नाण्याला कधी हात लावला नाही.
हे मुद्दाम सांगतो.
माणूस एका खिशात स्वच्छ राहतो
म्हणजे दुसऱ्यात हात घालायला बरं.

मला पकडलं कोणीच नाही.
हार्मटानची धूळ उतरली होती,
धाकटा अंगणात दुकान-दुकान खेळत होता,
डब्याच्या झाकणांचा तराजू,
आणि मालाच्या झाकणाखाली त्याचं इवलंसं बोट.
मी शिकवलं नव्हतं.

ओसोफोकडे गेलो, गुडघे टेकले, रडलो.
म्हातारा पाळक कान कोरत ऐकत राहिला.
"देवाकडे आलास, ठीक.
अफ्राकोमाकडे गेलास का?"

ती बांबूच्या चटईवर बिया वाळवत होती,
पायाने रेघा ओढत, पुढे-मागे.
मापात पाप केलं, म्हणालो.
पोत्यामागे तीन किलो.
पाय थांबले नाहीत.
"तीनच? मला वाटलं चार."

मग म्हणाली,
"दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.
तेव्हापासून तळाला ओल्या बिया भरत आले,
किलोभर. तो वजा कर.
उरले दोन. लिही."
मला हसू फुटलं.
तिला नाही.
"आणि माझा याव फीपायी शाळेतून परत आला ते साल,
तेही लिही. त्याचे किलो किती?"
पेन्सिल कागदावर टेकवली,
टेकलेलीच राहिली.
त्या पानावर अजून एक काळा ठिपका आहे.

निघताना विचारलं, माफ केलंस का.
"थैली घेऊन समोर यायचास,
तेव्हा दर रविवारी करत होते.
दर सोमवारी परत घ्यावं लागायचं.
थकले मी त्या ये-जा करण्याला.
आता हे शेवटचं, परत घेणार नाही.
पण हिशेब वेगळा, इसाक.
तो शनिवारी आणत जा."

सहा वर्षं शनिवार.
अंगठा जिभेला लावून ती नोटा मोजायची,
मग केळी भाजायची, दोघांपुरती.
पावसात गेली. अकरा हप्ते बाकी होते.
याव कुमासीहून आला, ट्रकवाल्यांचे खरबरीत हात,
उभ्या उभ्या पैसे मोजून घेतले,
माझ्याकडे पाहिलं नाही.
त्याने मला माफ केलेलं नाही.
त्याचा तो हक्क आहे.
त्याच्या वाटची माफी
मी देवाकडून परस्पर उचलणार नाही.

हल्ली झोप लागत नाही.
वरच्या काट्याचा विचार करतो,
पाठीला स्क्रू नसलेल्या.
तिथे मी किती भरेन ते मला ठाऊक आहे;
तूट ओळखण्यात तर जन्म गेला.
तिची भीती नाही.

भीती याची, की ऐन वेळी
माझ्या पारड्यावर कुणाचा तरी हात
हलकेच टेकेल,
माझ्या बाजूने, मला वजन यावं म्हणून.
इतरांना नसेल दिसत,
मी धंद्यातला माणूस, मला दिसणारच.
वाकून पाहीन
तर तळहाताला खिळ्याचं भोक,
आणि कपाळ असं,
की काटे त्याला नवे नाहीत.

तेव्हा मी ओरडू का, की हे माप खोटं आहे?
प्रामाणिकपणे ओरडायला हवं.
की गप्प उभा राहू,
तिच्या अंगणात राहिलो होतो तसा,
हातात पेन्सिल,
आणि हा भार कुठल्या रकान्यात लिहायचा
ते न कळून?