पावणेएक, म्हणजे तिकडे सव्वा

जेलरोडवरून मध्यरात्री गाडी निघाली
तर कसारा उतरून मुंबईचं विमानतळ साडेचार तास.
तिथे तीन तास, नुसती रांग.
दिल्ली दोन. दिल्लीत बाकड्यावर आठ,
मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन, कारण हातातल्या बॅगेत
सात किलोवर ग्रॅमभरही चालत नाही.
मग साडेतीन तास विमान
आणि बर्फातून हॉस्टेलपर्यंत एक.
बावीस झाले.
शैला म्हणते, एवढ्यात माझे चार किलोचे पापड
लाटून वाळूनसुद्धा होतात.
आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला,
पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिकांवर
आकडे पाडायच्या यंत्रावर.
एक आकडा हुकला की अख्खी पुस्तिका रद्द,
आणि रद्द झालेलीही मोजून परत द्यायची.
किती लाख माणसं हाताखालून गेली,
नाव नसलेली, फोटो नसलेली.
कुठे गेली, कोण विचारतो?
पगारे म्हणायचा, आहिरराव,
आपण स्टँडवरचे हमाल,
टपावर सामान चढवायचं आणि खालीच राहायचं.
माझा स्वतःचा पासपोर्ट नाही.
लागलाच नाही कधी.

केतकीचा आला तेव्हा
तिचा फोटो मी नंतर पाहिला.
आधी आकड्यांवरून बोट फिरवलं.
रांग सरळ होती.

ती गेल्यावर तिच्या शाळेतला ॲटलास काढला,
पट्टीचं एक टोक नाशिकवर, दुसरं बिश्केकवर,
आणि पट्टी कलेचना.
सरळ वर. राजस्थानची वाळू, लाहोर,
मग पहाडच पहाड,
आणि त्यांच्या पलीकडे माझी मुलगी
हाडांची लॅटिन नावं पाठ करतेय.
अडीच हजार किलोमीटर, नाकासमोर.
म्हणजे सूर्य आम्हा दोघांच्या माथ्यावर
जवळजवळ एकदमच येतो,
फरक पडलाच तर तीन मिनिटांचा.
घड्याळांचं मात्र अर्ध्या तासाने वाकडं.
ती म्हणते आठ वाजले, झोपू का थोडं?
मी म्हणतो साडेसातच झालेत, बोल अजून.

जानेवारीतल्या एका रविवारी ठरवून
मी गच्चीवर, कुंडीत झाडूचा दांडा उभा रोवून,
ती हॉस्टेलच्या अंगणात, बर्फ काढायचं फावडं घेऊन.
पावणेएक. म्हणजे तिकडे सव्वा.
पडली का?
पडली.
माझी दांड्याहून चार बोटं आखूड,
तिची फावड्याच्या दुप्पट.
पण माझी सावली
गच्चीचा कठडा धरून नेमकी तिच्याकडे निघालेली,
दसकच्या बाजूने गोदावरी ओलांडायच्या बेतात.
मी म्हटलं, बघ, निघाली माझी,
ना व्हिसा, ना दिल्लीचं बाकडं.
ती खूप हसली.
मग फोनमध्ये वारा ऐकू आला जरा वेळ.
बाबा, म्हणाली, माझी पण उत्तरेलाच पडलीय.
तुझ्याकडे नाही.

मी म्हटलं, तशीच पडते ती,
दुपारची आहे.
जेवलीस का?

खाली शैला झाडू शोधत होती.
मी आवाज दिला नाही.
दांडा तसाच राहू दिला,
सावली पूर्वेकडे कलंडेपर्यंत.