प्लेटमागून

आई म्हणायची, पोरीच्या जातीनं असं बसू नाई.
आता रास अल खैमात
मला असं बसण्याचेच पैसे मिळतात:
गुडघे फाकलेले, टाचा उचललेल्या,
तोंडावर जाळी, छातीला कवच,
आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात-सात डाव.
करारात लिहिलंय, कॅचर.
व्हिसावर, ऑफिस असिस्टंट.

नोव्हेंबरात चार टीम होत्या.
आमची हेरॉन्स, खाडीतल्या बगळ्यांवरून.
यवतमाळला फोनवर सांगितलं तर भाऊ हसला,
म्हणजे बगळाभगतच की गं तू!
हसू दे.
बसतेच मी तशी, ध्यान लावून,
फक्त मासा पिवळा असतो
आणि अंगावर येतो.

मैदानात आम्ही नऊजणी.
आठजणी माझ्याकडे बघतात, मी एकटी त्यांच्याकडे.
शॉर्टस्टॉपला मौझा, इथलीच, शेला टोपीखाली घट्ट खोचलेला,
जाळी ओढणाऱ्या घरातली. तिच्या हातून काही निसटत नाही.
तिसऱ्या बेसवर युकारी,
चूक झाली की चेंडूची माफी मागते.
आणि समोर लिगाया, इलोइलोची, आमची पिचर.
तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा,
इंग्रजी दोघींचंही सारखंच लंगडं.
मग मांडीआड बोटं:
एक, सरळ. दोन, ड्रॉप. तीन, संथ आणि लबाड.
चार आम्ही मागाहून ठरवलं:
घरून फोन आला होता, आज सांभाळून घे.

शुक्रवारी गर्दी, म्हणजे साठ माणसं.
मल्याळी नर्सेस, टाइल्सच्या कारखान्यातली पोरं, तिकीट नसल्यामुळे.
एकदा त्यांच्यातून कुणीतरी ओरडलं, "धर ना बे!"
मी वळून बघेपर्यंत
चेंडू मागे जाळीला लागला होता.
तो कोण, ते कळलं नाही. रन गेला.

बारापैकी तीन जिंकलो.
त्यातला एकच सांगण्यासारखा:
अजमानची ती उंच मुलगी तिसऱ्यावरून सुटली,
मौझाचा थ्रो, ती आणि चेंडू एकदमच घरी आले.
धूळ बसल्यावर अंपायरने माझा ग्लोव्ह उघडून पाहिला.
होता.
अंगठ्याचं नख अजून निळं आहे.

जानेवारीत पाचवी खूण आली. मूठ.
म्हणजे, पगार झाला का?
लिगाया मान हलवायची.
सगळ्यांना वाटायचं, तिला तो चेंडू टाकायचा नाहीये.

फेब्रुवारीत एक टीम रातोरात गेली.
मग दुसरी. मग मोबाईलवर दोन ओळी:
हंगाम तूर्त स्थगित, सहकार्याबद्दल आभार.
युकारीने तो मेसेज वाकून वाचला.

रफीकुलला मात्र कुणी सांगितलंच नाही.
तो रोज चारला चुन्याची गाडी ढकलत आला,
पहिल्या बेसची रेघ, तिसऱ्याची, बॅटरचा चौकोन,
वारा पुसेल तसं पुन्हा.
मी विचारलं, कशाला?
म्हणाला, रेघ मारायचंच तर काम आहे माझं.
त्याचाही पगार नव्हता झाला.

तिकिटाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघीच गेलो.
दिव्यांचं बिल थकलेलं, सूर्य डोंगराआड,
मौझा लांब उभी, येईल ते अडवायला.
मी बसले.
लिगाया टाकत राहिली, दिसेनासं झालं तरी.
आधी पावलाचा आवाज, मग हाताचा सूं,
मग थेट माझ्या तळव्यात.
रफीकुल रेघेवर पाय न पडेल असा कडेने उभा.

शेवटी मी बोटं दाखवली, अंधारात, सवयीने.
आला तो ड्रॉप.
मी दोनच दाखवली होती की चार,
ते आता आठवत नाही.