धक्क्यापर्यंत

तीन पत्रं आली आहेत.
माशांचा धूर लागू नये म्हणून
शिलाई मशीनच्या खणात ठेवलीत, रिळांच्या खाली:
ग्दान्स्क, बुसान, हॅलिफॅक्स.

आईला नावं नकोत, आकडे हवेत.
ती बोटांच्या पेरांवर सेडी मोजते,
पेरं संपली की माझी बोटं ओढून घेते.
ताकोराडीच्या बाजारातल्या अकरा बायकांची भिशी
यंदा पहिली आपल्यालाच लागेल
असं तिनं कुणालाही न विचारता ठरवून टाकलंय.

मी वहीत रकाने आखलेत.
फी. वसतिगृह. आठवड्याला किती तास काम करता येतं.
बर्फ किती महिने.
बुसानला फी माफ, पण आधी वर्षभर त्यांची भाषा.
ग्दान्स्कला निम्मी.
हॅलिफॅक्सचा रकाना पेन्सिलीनं भरलाय,
खोडता यावा म्हणून.

पापा एकोणीस वर्षं मालवाहू जहाजावर भटारी होते.
तिन्ही शहरं त्यांना ठाऊक आहेत,
म्हणजे तिन्ही शहरांचे धक्के.

"ग्दान्स्क?" कांद्यावरची नजर न काढता ते म्हणतात,
"कोबी स्वस्त. गोदामाच्या दारात एक म्हातारी
लोकरीचे मोजे विकायची. घेतले मी.
इथं कुठं घालणार, सांग."

"बुसान?"
"पाऊस. सिग्नलपाशी एका माणसानं
हातात छत्री कोंबली अन् पळत सुटला,
डोक्यावर वर्तमानपत्र धरून.
मागं वळून बघितलंसुद्धा नाही."
ती छत्री अजून आहे. दोन काड्या मोडल्यात.
आईच्या माशांच्या पाटीवर रोज सावली धरते.

"आणि हॅलिफॅक्स?"
सुरी थांबते.
"तिथं उतरू दिलं नाही. कागदात काहीतरी कमी होतं.
चार रात्री कठड्यापाशी उभा राहून पाहिलं.
टेकडीवर एक लांबलचक इमारत,
दिवे विझायचेच नाहीत.
मला वाटलं, कुणीतरी आजारी असेल.
दुसरा इंजिनिअर हसला. म्हणाला,
वेड्या, कॉलेज आहे ते. पोरं अभ्यास करतायत."

त्या रात्री मी पेन्सिलीच्या आकड्यांवरून
पेन फिरवलं. बेरीज जमत नव्हती, तरी.

आन्सा बाई म्हणाल्या, अराबा, शहराकडं काय बघत बसलीस,
ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते विचार.
विचारलं.
उत्तर आलं, सभ्य, चार ओळींचं:
अकरा वाजता.
आणि टेकडीवर रात्रभर जे उजळलेलं असतं
ते इस्पितळ.

पापांना हे सांगितलेलं नाही.
त्यांना पहिल्यांदा जे वाटलं होतं तेच खरं होतं,
एवढं तरी सांगायला हवं,
पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल.

बुसानचा फॉर्म सात पानांचा आहे.
पाचव्या पानावर विचारलंय:
या शहरात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?
मी "नाही" लिहायला जाते
तोच पापांचा ओला हात कागदावर.
"लिही," म्हणतात, "एक गृहस्थ आहेत.
उंची मध्यम. नाव माहीत नाही.
पावसात ओळखू येतील."