पातेल्यातला विदूषक

विजेच्या बिलाच्या पाठीवर यादी केली:
मुलं अकरा, बारावा माझा नेफ्ताली,
शनिवारी सहा पूर्ण.
केक हजार पदरांचा, मध्ये आटवलेलं दूध.
(पदर मोजले, चौदाच भरले. नाव मात्र हजाराचं.)
फुगे. चुलीजवळ ओल्या बुटांना जागा.
आणि विदूषक. त्याच्याखाली दोन रेघा.

चिलोएच्या या टोकाच्या बेटावर
बटाटे पिकतात, विदूषक पिकत नाही.
तो पलीकडून फेरीबोटीनं मागवायचा,
जसे खिळे मागवतो, जसा दातांचा डॉक्टर.

फोनवरचा त्याचा आवाज साधाच, सर्दी झालेला.
चाळीस हजार पेसो, निम्मे आधी, बोटीचं भाडं वेगळं.
मग तोच विचारू लागला:
रंगवलेल्या तोंडाला घाबरणारं कुणी आहे का?
कुत्रा बांधाल ना?
मुलाचे वडील असतील?
म्हटलं, ते सामन माशांच्या पिंजऱ्यांवर,
चौदा दिवस पाण्यात, चौदा घरी.
यंदाचा वाढदिवस पाण्याच्या वाट्याला गेलाय.
तो जरा थांबला.
म्हणाला, बरं, मग बापाचे विनोद गाळतो.
तेवढ्यावर मी निम्मे पैसे भरून टाकले.

शनिवारी सकाळी बंदर बंद.
रेडिओवर हे असं सांगतात,
जसं शेजारीण सांगते, दूध नासलं.
दुपारी घरात मुलं, चुलीभोवती बावीस बूट वाफाळतायत,
खिडक्या आतून आंधळ्या झालेल्या,
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, कधी येणार?
लाकडं घेऊन आलेला रोसामेल म्हणाला, मी वाजवू का काही?
त्याला अकॉर्डियन येतं,
पण मयताला वाजवतात तेवढंच.

तीनला फोन आला. मागे वारा, इंजिनांची घरघर.
"तोंड रंगवून ट्रकवाल्यांत अडकलोय, बाई.
घरातलं सर्वांत मोठं पातेलं काढा.
मला तळाशी ठेवा. आवाज मोठा करा.
मुलांना सांगा, लहान होऊन आलोय."

मी कपाळाला हात लावला आणि पातेलं काढलं.

बारा डोकी काठावर वाकली.
पातेलं शिंकलं.
पातेल्यानं विचारलं, इथे बटाट्याचा वास कसा काय?
माझा बूट कुणी खाल्ला?
पातेलं घसरलं, पडलं, रडलं,
स्वतःच्याच रडण्याला हसलं,
मुलं जमिनीवर लोळायला लागली.
मेणबत्त्यांच्या वेळी पलीकडच्या धक्क्यावर
ट्रकवाल्यांनी सहा भोंगे दिले,
एकेका वर्षाला एक,
आणि सातवा, कुणालातरी मोजता येत नव्हतं म्हणून.
पुढे शब्दाच्या मध्यातच आवाज बुडाला.
फोनची बॅटरी. त्याची की माझी, बघितलंच नाही मी.
छोटी मिलारे उठली, तिनं वर झाकण ठेवलं.
म्हणाली, झोपू दे, दमलाय.

रविवारी पहिल्या बोटीनं एक हडकुळा माणूस आला,
हातात बॅग, कानाच्या पाळीत पांढरा रंग राहिलेला.
उरलेले वीस हजार पुढे केले, तर म्हणाला,
पातेल्यात मावलो त्याचे कसले पूर्ण पैसे?
भाडं घेतलं फक्त, आणि केकचे दोन तुकडे,
एक उभ्या उभ्या, एक कागदात बांधून.
म्हटलं, नेफ्ताली, बघ कोण आलंय!
त्यानं पाहुण्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.
"हा नाही तो," म्हणाला. "हा मोठा आहे."
विदूषकानं मान डोलावली,
अगदी गंभीरपणे, जसं काही
ओळखपत्र घरी विसरलंय.

आता नवरा आलाय पाण्यावरून.
विचारतो, मोठं पातेलं कुठंय?
नेफ्तालीच्या उशाशी आहे, झाकणासकट.
बटाटे मी दोन खेपांत उकडते.