चौदा आणि तेरा

टोलेडोत रविवारी दुपारी
बर्फ पडायच्या बेतात असतं आणि पडत नाही.
लोरेटा प्झिबिल्स्की सोफ्यावर पाय वर घेऊन बसते,
मांडीवर फोन, फोनमध्ये तिचा संघ.
दहा यार्डांना एक गुण,
रेषा ओलांडली की सहा.

ऑगस्टमध्ये डायालिसिस सेंटरच्या मागच्या खोलीत
पिझ्झाच्या खोक्यावर नावं मांडून
पाळीपाळीनं खेळाडू उचलले, तेव्हा
तिनं पहिल्याच फेरीत उचलला ओरिन मॅक्लेमोर.
मांड्या अशा, की दार उघडायची गरज नाही.
सगळे म्हणाले, लोरेटा, यंदा कप तुझा.

मग प्रशिक्षक बोलला,
टोपी भुवयांवर ओढून, ओठ न हलवता:
दोघंही पळतील.
ज्याला सूर लागेल, त्याच्याकडे चेंडू.

तेव्हापासून ओरिनला चौदा
आणि त्या टीग व्हॅलेंटाइनला तेरा.

इथंच घोडं पेंड खातं.
ओरिन स्वतःच्या विसाव्या यार्डापासून
माणसं अंगावर घेत, माणसं पाडत
चेंडू नेतो रेषेच्या वीतभर अलीकडं.
मग धापा टाकत बाहेर जातो, पाणी मागतो,
आणि कोरड्या जर्सीतला टीग आत येऊन
नुसता पुढं पडतो.
सहा गुण. आयत्या पिठावर रेघोट्या.
टीग आहे बॅरीच्या संघात,
पाण्याचे फिल्टर बदलणाऱ्या बॅरीच्या,
ज्यानं त्याला शेवटच्या फेरीत
कुणीच उरलं नाही म्हणून घेतलं होतं.

सोमवारी पहाटे पाचला लोरेटा
सुया, नळ्या, वजनकाटा.
सप्टेंबरपासून तिचे चाळीस तास
बावीस झालेत, उरलेले हनान सादला.
मॅनेजर म्हणाली होती, दोघी मिळून छान सांभाळाल.
तीस तासांच्या खाली विमा नाही,
हे तिनं सांगितलं नाही, ते पत्रानं आलं.
अवघड शिरा लोरेटा शोधते, घाम पुसते,
दुपारी हनान नळ्या काढते, पट्टी लावते,
आणि चॉकलेटचा डबा हनानला मिळतो.
हनान तो टेबलावर उघडा ठेवते, सगळ्यांसाठी.
त्यामुळं तिचा रागही धड करता येत नाही.

सहा नंबरच्या खुर्चीत वेंडेल टिब्स.
लोरेटा त्याच्या दंडाशी वाकून
ओरिनचं गाऱ्हाणं सांगते, चौदा आणि तेरा,
हा काय न्याय झाला?

वेंडेल छताकडं बघतो.
"आमच्या कॉलेजात वाटणी नव्हती.
एकतीस वेळा. एकदा चौतीस.
बँड माझंच नाव वाजवायचा."
मशीन त्याचं रक्त फिरवत राहतं.
"मग गुडघ्यांसाठी गोळ्या.
वीस वर्षं, मूठमूठ.
मग गोळ्यांमुळं..." तो खुर्चीच्या हातावर
दोनदा टिचकी मारतो.
"दुसरा पोरगा होता बाकावर. लूथर.
मी प्रशिक्षकाला म्हणायचो, त्याला बसवूनच ठेवा."

पुढच्या रविवारी दुसऱ्याच डावात
टीगचा घोटा वळला.
बॅरीचा मेसेज आला, फक्त शिव्या.
आता सगळे चेंडू ओरिनला.
पंधरा. सोळा. लोरेटा मोठ्यानं मोजत होती,
अठराव्याला तिनं टाळी वाजवली,
फोनवर आकडे चढत होते, कप जवळ येत होता.

बावीस.
हा आकडा ओळखीचा वाटला.
मग ती गुण बघायची विसरली.
तेवीस, आणि ढिगाखालून ओरिन उठायला लागला की
ती बघायला लागली तो कसा उठतो:
आधी एक हात गवतावर,
मग दुसरा,
मग एक गुडघा, मग थोडा वेळ काहीच नाही.

सत्तावीस.
ती जिंकली, अकरा गुणांनी.
बर्फ पडायला लागलं होतं.
तिनं हनानला फोन लावला,
कशासाठी ते तिलाही नीट माहीत नव्हतं.
पलीकडं भांड्यांचा आवाज, पोरांचा आवाज.
"काय झालं, लोरेटा?"
"काही नाही," ती म्हणाली. "उद्या वेंडेलची सुई
डाव्या हाताला लाव. उजवा दमलाय."